तांडेलमामांस, फार उशिरा

ति. तांडेलमामांस,

आजी तुम्हाला लिहिताना 'नमस्कार आणि सलाम' अशी दोन्हींनी सुरुवात करायची. मीही तशीच करते.

तुम्ही जिला 'बाय' म्हणायचात, तिची मी थोरली नात. माझे वडील लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून कराचीला कियामारीच्या बंदरातल्या बोटी मोजायचे. ते तुम्हाला मामा म्हणायचे, म्हणून आमच्या घरात पुढच्या सगळ्यांनीही मामाच म्हटलं. तुम्ही आता नाही आहात, हे मला दाभोळकडच्या तुमच्या नात्यातल्या माणसांकडून कळलं. तरीही पत्र तुमच्याच नावाने लिहिते आहे, आणि उघडं लिहिते आहे. तुमच्याविषयी आमच्या घरात जे चारचौघांत बोललं गेलं, ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं. तुमचं खरं नाव मात्र लिहीत नाही. तुमची मुलं-नातवंडं कराचीत आहेत. इकडच्या माणसाच्या पत्रात आपलं नाव असावं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

मामा, आमच्या घरी ६ जानेवारी १९४८ ची गोष्ट दर वर्षी सांगितली जायची. मुंबईला निघालेले शीख रतन तलावाजवळच्या गुरुद्वाऱ्यात थांबले होते, त्यांच्यावर जमाव चालून गेला, आणि मग शहरभर हिंदूंची घरं लुटली गेली. दुपारी आमच्या गल्लीत आले. दार फोडलं. ट्रंका, तांब्या-पितळेची भांडी, आजीचं हातशिलाईचं मशीन, सगळं गेलं. 'अंगावरच्या कपड्यांनिशी आलो' हे शेवटचं वाक्य. आम्हा मुलांना ते पाठ होतं.

या गोष्टीत तुम्ही कुठेच नव्हतात. दार फुटलं, घर धुऊन नेलं, मग आत असलेली एक बाई आणि दोन पोरं जिवंत कशी राहिली, हा साधा प्रश्न मला वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पडला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

तो पडला तो जानेवारी १९९३ मध्ये. मुंबईत दंगलीची दुसरी फेरी सुरू झाली तीसुद्धा ६ तारखेलाच. भायखळ्याजवळच्या आमच्या चाळीत तेव्हा संध्याकाळ झाली की माणसं गॅलरीत गोळा होत. एका संध्याकाळी माझे धाकटे काका पंधरा-वीस पोरांना कराचीची गोष्ट सांगत होते. काकांचा जन्म १९५० चा, मुंबईतला. कराची त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण दार कसं फोडलं, भांडी कशी नेली, हे ते हातवारे करून सांगत होते. पोरं तापत चालली होती. तळमजल्यावरच्या मुसलमान शिंप्याची खोली दोन दिवसांपासून कुलूपबंद होती, आणि बोलता बोलता एकेकाची नजर त्या कुलपाकडे जात होती.

आजी आतून आली. काकांना म्हणाली, "अर्धीच सांगतोस. तू नव्हतास तिथे, मी होते." आणि उंबऱ्यावर बसून तिने उरलेली अर्धी सांगितली. आजोबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. ते असते तर ती बोलली नसती, असं मला वाटतं.

पोरं एकेक करून पांगली. त्या रात्री ते कुलूप तुटलं नाही, एवढंच मी सांगू शकते. शिंपी मार्चमध्ये आला तो सामान न्यायलाच. मुंब्र्याला जागा बघितली होती त्याने. आजी म्हणाली, राहा ना. तर म्हणाला, "आजी, रात्री झोप लागत नाही हो इथे." दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांतले ९०० मृत्यू नोंदले आहेत. नुसती उठून निघून गेलेली माणसं त्या आकड्यात नाहीत.

आता ती उरलेली अर्धी लिहिते. तुम्हाला ती माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांना नाही.

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे मराठी कारकून, मास्तर, रेल्वेतली माणसं कराचीला बदलून जात आणि तिथेच रुजत. बंदर रोडवरची मोठी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची आहे, अजूनही. आजोबा बंदराच्या कचेरीत कारकून होते, तुम्ही लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. पण तुमची खरी ओळख आजीशी. तिचं माहेर दाभोळच्या खाडीवर, तुमचं गाव पलीकडच्या तीरावर, तरीच्या एका फेरीच्या अंतरावर. एवढ्या लांब, वाळूच्या त्या शहरात आपल्या खाडीची बोली कानावर पडली तेव्हा ती रडली होती म्हणे. तिच्या लेखी तुम्ही माहेरचे माणूस झालात. दर भाऊबीजेला तुम्ही यायचात, पाटावर बसायचात, ओवाळणीत खण टाकायचात. आजोबांना ते फारसं रुचत नसे, पण ते बोलत नसत.

फाळणीच्या ऑगस्टमध्ये पंजाब जळत होता तेव्हा कराची त्या मानाने शांत होती. आजोबांना वाटलं, नोकरी आहे, घर आहे, सरकार बदललं म्हणून बंदर थोडंच बदलतं? पुढच्या महिन्यांत बोटी आणि गाड्या भरभरून माणसं येत राहिली, दिल्लीकडची, संयुक्त प्रांतातली (आताच्या उत्तर प्रदेशातली), आपलं सगळं तिकडे टाकून आलेली. ती शाळांत राहिली, देवळांच्या धर्मशाळांत राहिली, फुटपाथवर राहिली.

६ तारीख मंगळवार होती. आजोबा कचेरीत. तुम्हाला बंदरात बातमी लागली आणि तुम्ही ट्रामची वाट न बघता कियामारीहून चालत आलात, तीन खलाशी घेऊन. आजीला म्हणालात, "बाय, पोरांस घे नि गच्चीत जा. खाली काय बी होऊ दे, आवाज करू नको." आजी पाच वर्षांच्या माझ्या वडिलांना आणि दहा महिन्यांच्या आत्याला घेऊन गच्चीत गेली. आत्या रडू नये म्हणून तिने तिला पाजायला घेतलं ते तास-दीड तास सोडलं नाही.

गच्चीच्या जिन्यावर तुम्ही चौघं बसलात. जमाव आला, दार फुटलं, मग काही जण जिन्याकडे वळले. तुमचं वाक्य आजीला वर ऐकू आलं: "सामान ले जाओ. ऊपर मेरी बहन है." कुणीतरी विचारलं, "तेरी बहन हिंदू कब से हो गई?" त्याला तुम्ही काय उत्तर दिलंत ते तिला ऐकू आलं नाही. पुढे तिने तुम्हाला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तुम्ही दुसराच विषय काढलात. पण माणसं जिन्यावरून खाली गेली. गच्चीच्या कठड्याच्या भोकातून तिने सामान जाताना पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने भांड्यांना हात लावला नाही, ट्रंका घेतल्या नाहीत. फक्त गोधड्या उचलल्या आणि निघून गेला. आजी त्या माणसाबद्दल शेवटपर्यंत बोलायची. "थंडी होती रे, त्याचीही पोरं असतील कुठेतरी उघड्यावर," म्हणायची.

कर्फ्यू लागला. आजोबा दुसऱ्या दिवशी घरी पोचले. रिकाम्या खोलीत तुम्ही बसला होतात, रात्रभर जागलेले. आणि आजोबांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं: "तुम्ही इथे असताना हे सगळं गेलं कसं?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुम्ही म्हणालात, चला, इथे राहू नका, माझ्या खोलीवर चला.

कियामारीला तुमच्या एका खोलीत आमचं कुटुंब सहा रात्री राहिलं. ते सहा दिवस आजीने मला फार सावकाश सांगितले, आणि मला वाटतं, तिच्या मनात सगळ्यात खोल तेच गेले होते. मामींनी पहिल्याच दिवशी तिच्यासाठी कोरी मातीची चूल आणि कोरी मडकी आणून ठेवली, न मागता. मुसलमानाच्या हातचं ही बाई खाणार नाही, हे त्यांनी गृहीत धरलं आणि त्याचा राग मानला नाही. आजीने दोन दिवस वेगळं शिजवलं. तिसऱ्या दिवशी वडील मामींच्या तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीसाठी हट्टाला पेटले. मामींनी आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली. पोराने खाल्ली, आणि मग आजीनेही त्याच ताटात हात घातला. आजोबांना हे कधीच कळलं नाही. आजी मला म्हणाली, "त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की आपण त्यांच्याकडे किती वर्षं नुसतं पाणीसुद्धा न पिता वावरत होतो, आणि ते आपल्याकडे भाऊबीजेला येत होते." १९४८ आधी सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते, असं कुणी सांगू लागलं की मला ती कोरी मडकी आठवतात. नांदत होते हे खरं, पण मडकी वेगळी होती, आणि त्याचं दुःख एकाच बाजूला होतं.

धक्क्यावर हजारो माणसं बोटीसाठी बसून होती. तुम्ही आम्हाला लाँचमधून नेऊन चढवलंत, डेकवरच्या आपल्या कोकणातल्या खलाशाला सांगून दोन पासोड्यांएवढी जागा धरवलीत. तेरा तारीख होती. संक्रांत समुद्रावर गेली. मुंबईत उतरलो तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी दिल्लीत सुरू झालेला गांधीजींचा उपास होता.

पुढचं तुम्हाला कुणी कळवलं नसेल. आजोबा सगळ्यांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी गेले, भावाच्या घरी. पंधरवडा झाला असेल नसेल, ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण होता, आणि त्या भागात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. आमचंही पेटवलं. पेटवणारे ओळखीचे होते, एकाच विहिरीचं पाणी पिणारे, एकाच जत्रेला जाणारे. एका महिन्यात आजीने दोनदा घर गमावलं.

गावच्या त्या आगीविषयी आजोबा आयुष्यात बोलले नाहीत. कराचीविषयी मात्र बोलत राहिले. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. गावच्या माणसांत भावाला राहायचं होतं, जमीन होती, लग्नकार्यं होती, म्हणून ती आग गिळावी लागली. कराची लांब होती. तिच्यावर सगळा राग काढता येत होता, आणि त्या रागात तुम्ही मध्ये येत होतात, म्हणून तुम्हाला गोष्टीतून काढलं गेलं. आजोबांना मी वाईट म्हणत नाही. घर लुटलं जात होतं तेव्हा ते तिथे नव्हते, दुसरा कुणी होता, हे त्यांना सोसलं नाही.

मग ते मशीन आलं. तोवर घरचे मुंबईच्या चाळीत राहायला आले होते. १९४९ साली एक खलाशी गोणपाटात बांधलेलं ओझं घेऊन चाळीचे जिने चढला. आत आजीचं मशीन होतं आणि तुमची चिठ्ठी, बाळबोध अक्षरात: "बाय, जुन्या बाजारात दिसली. चाकाला तुझं लाल सूत तसंच आहे, त्यावरून ओळखली." हरवलेल्या सुईसारखं ते मशीन तुम्ही त्या अफाट वाढलेल्या शहरात शोधलंत, स्वतःच्या पैशाने घेतलंत आणि समुद्रापार पाठवलंत. त्यावर आजोबा म्हणाले, "चोरांची वाट चोरांनाच ठाऊक." लुटीत तुमचा हिस्सा होता, अशी एक कुजबूज आमच्या नात्यात सुरू झाली ती तिथून. भाऊबंदांच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत ती बोलली गेली. मामा, हेच ते, जे मला आज मागे घ्यायचं आहे. त्यांच्या वतीने, जे बोलले आणि ज्यांनी ऐकून घेतलं त्या सगळ्यांच्या वतीने, मी माफी मागते.

आजीने तेव्हा वाद घातला नाही. तिने दोरा ओवला. आजोबांना कायमची नोकरी लागायला आणखी दीड वर्ष गेलं. तोवर आणि नंतरही त्या मशीनवर चाळीतल्या बायकांची पोलकी, मुलांचे शाळेचे सदरे, उश्यांचे अभ्रे शिवले गेले. वडिलांच्या मॅट्रिकची फी त्यातून गेली. आत्याच्या लग्नातली पहिली साडी त्यातून आली. काका तर त्या मशीनच्या खडखडाटातच झोपायला शिकले; तेच काका, ज्यांनी पुढे गॅलरीत ती अर्धी गोष्ट सांगितली.

आणि तुमचं इकडचं घर? जुलै १९४८ पासून इकडे यायला परमिट लागू लागलं, १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा. तुम्ही पाकिस्तानात 'गेला' नव्हतात कधी. नोकरीवर होतात तिथेच होतात, आणि देश तुमच्याभोवती बदलला. खाडीपलीकडच्या घरातला तुमचा हिस्सा निर्वासित मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, वहीत चढला. तुमची आई त्याच घरात राहत होती. आजी दर मे महिन्यात माहेरी जायची तेव्हा तरीने पलीकडे जाऊन तुमची पत्रं त्यांना वाचून दाखवायची आणि त्या सांगतील ते लिहून घ्यायची. त्या प्रत्येक पत्रात आंबे कसे आले आहेत ते आधी सांगायच्या, दुखणं शेवटी. आजी मला म्हणाली होती की एकदा त्यांनी खूप काही सांगितलं आणि मग म्हणाल्या, "हे लिवू नको, त्याला येता येयाचं न्हाय, उगा जीव तुटंल." ते काय होतं, हे आजीने मलाही सांगितलं नाही.

१९५८ मध्ये त्या गेल्या. व्हिसा मिळून तुम्ही पोचेपर्यंत चाळीसावाही होऊन गेला होता. परतताना तुम्ही मुंबईला आमच्या चाळीत आलात, आधी पोलिसांत नोंद करून. वडील तेव्हा पंधरा वर्षांचे होते, त्यांना ती दुपार स्पष्ट आठवायची. आजोबांनी तुम्हाला खुर्ची दिली, चहा दिला, पावसापाण्याचं बोलले, कराचीच्या बंदरात आता कोण साहेब आहे ते विचारलं. दहा वर्षं उराशी असलेला एक शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला असेलही, बाहेर आला नाही. तुम्ही उठताना मशीनजवळ थांबलात, चाकावरच्या लाल सुताला बोट लावलंत आणि हसलात. आजी आत होती. तिने खिडकीतून तुम्हाला कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

१९६५ च्या लढाईत टपाल बंद पडलं. ताश्कंदच्या करारानंतर तुमचं एक पत्र आलं, १९६६ चं. मग काही नाही. २००६ साली राजस्थान-सिंध सीमेवरून, मुनाबाव-खोखरापार मार्गे कराचीकडे जाणारी रेल्वे पुन्हा सुरू झाली तेव्हा मी आजीला विचारलं, जायचं का? ती ८५ वर्षांची होती. तिने तुमचा १९६६ चा पत्ता तोंडपाठ म्हणून दाखवला आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांनी दार वाजवलं आणि मामीने विचारलं, इतके दिवस कुठे होतीस, तर काय सांगू?" दोन वर्षांनी ती गेली. ती गाडीही २०१९ पासून बंद आहे.

मामा, जिन्यावर बसलात त्याबद्दल आभार. ते आभार कुणीही मानेल. मी आभार मानते ते आजोबांचं वाक्य ऐकूनही तुम्ही आमच्यासाठी खोलीचं दार उघडलंत त्याबद्दल. मामींनी आणलेल्या कोऱ्या मडक्यांबद्दल, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी घातलेल्या भाकरीबद्दल. संशय घेणाऱ्या घरात येऊन तुम्ही चहा पूर्ण प्यायलात त्याबद्दल. तुमच्यामुळे माझ्या घरातली चार पिढ्यांची माणसं आहेत. त्यांतली सगळ्यात धाकटी, माझी भाची, सध्या त्या मशीनवर बाहुलीचे कपडे शिवते. तिला मी दोन्ही अर्ध्या सांगितल्या आहेत, गावच्या आगीसकट.

आजीला तुमचे पैसे द्यायचे होते. प्रत्येक पत्रात ती विचारायची, मशीन कितीला पडलं ते कळवा. १९६६ च्या पत्रातही तुम्ही पोरांची खुशाली लिहिलीत, गुडघ्याचं दुखणं लिहिलंत, आंबे आले का विचारलंत. किंमत लिहिली नाहीत.

तुमच्या बायची नात